नागपंचमीला यंत्र पडलं नाही

माझ्या मुलाला दिसत नाही. साखरेनं डोळे गेले. आधी डोळ्यांपुढे काळे धागे तरंगायचे, मग लेझर झालं, मग ऑपरेशन झालं, मग डॉक्टर नुसतेच खांद्यावर हात ठेवायला लागले. तेव्हाच मी ओळखलं. तो पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. तिला मी नावं ठेवत नाही. मी त्याला घरी घेऊन आले. आमची वस्ती वरवे बुद्रुकच्या बाजूला, हायवेपासून थोडी आत. रात्र आहे का दिवस उगवला, हे तो आता गाड्यांच्या आवाजावरून सांगतो.

आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, ऊठ म्हटलं तर उठायचा. पुढे पुण्याचा त्याचा मित्र येऊन त्याच्या लॅपटॉपमध्ये बोलणारी बाई बसवून गेला. पडद्यावर जे असेल ते ती वाचून दाखवते. इंग्रजीत, आणि इतकं भरभर की मला पहिल्यांदा वाटलं कुणाशी तरी भांडतेय. मी तिला बया म्हणते. बया आली आणि माझा मुलगा उठून बसला. कंपनीनं घरून काम दिलं. तो अंघोळ करून, शर्ट घालून टेबलाशी बसायला लागला. कुणी बघणारं नसताना शर्टाला इस्त्री मागायला लागला.

मी सत्तरी ओलांडली आहे. माझ्यामागे ह्याचं काय, एवढा एकच विचार मला आहे, आणि तो मी त्याच्यासमोर बोलून दाखवते. म्हणून मी त्याला सगळं करायला लावलं. कुकर तो लावतो. चहा करतो. इन्सुलिनच्या पेनाचे टकटक आवाज मोजून स्वतः टोचून घेतो. संडासाच्या वाटेवर मी दोरी बांधली होती, ती सोडून टाकली तरी जातो. एकच गोष्ट माझ्याशिवाय अडायची. त्याचं यंत्र, म्हणजे तो लॅपटॉप, पडलं की पडद्यावर काय उमटलंय ते बघायला डोळे लागायचे.

पडलं म्हणजे जमिनीवर नव्हे. चालता चालता एकदम थिजायचं. बया शब्द अर्धा टाकून गप्प व्हायची. मी एकदा विचारलं, "बाकी काही बिघडलं तर ती बया सांगते की. मग हे का सांगत न्हाई?"

तो म्हणाला, "आई, कॉम्प्युटरच्या सगळ्यात आत एक गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. बाकीचं सगळं त्याच्या जिवावर चालतं. बया पण. गाभाच पडला तर बया कुठून बोलणार?"

"मग तू काय काम करतोस?"

"त्या गाभ्याचंच. तो पडू नये म्हणून."

"आणि तुझाच पडतोय."

"माझाच पडतोय," तो म्हणाला. "आणि फक्त माझाच. जगात दुसऱ्या कुणाचा पडत नाही म्हणतात."

गाभा पडताना मरणाऱ्या माणसासारखं शेवटचं काहीतरी पडद्यावर लिहून जातो. काळ्यावर पांढरी अक्षरं. ती वाचल्याशिवाय कारण कळत नाही. आधी मित्र मोबाईलवर व्हिडिओ लावून वाचायचा. पहिले काही दिवस लगेच फोन उचलायचा, पुढे मीटिंगमध्ये असायचा, पुढे नुसती रिंग जायची. त्याचंही बरोबर आहे, त्याला त्याचा संसार आहे. मोबाईलमध्ये वाचणारी सोय आहे, ती पण लावून पाहिली. मुलाला फोन कुठं धरायचा ते दिसत नाही, आणि मी धरला तर त्या काचेत खिडकीच दिसायची. मोबाईल सांगायचा, "खिडकी, गज."

मग मी बसले. माझं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याला. तिथं चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं मला मुलामुळे आली. तो पाचवीत असताना त्याच्या शेजारी बसून मी एबीसीडी गिरवली होती. अर्थ कशाचाच कळत नाही, अक्षरं तेवढी कळतात.

"ए. शून्य. मग सी किंवा ओ."

"नीट बघ. फट आहे का?"

"हाय."

"मग सी."

"मग बी. का डी? पोट कुठं हाय बघू दे. उजवीकडं."

"दांडी आधी आणि पोट नंतर?"

"व्हय."

"मग बी. पुढे."

असं एक एक अक्षर. त्याच्या हातात जुना छोटा रेकॉर्डर असायचा, त्यात तो माझा आवाज भरून घ्यायचा. माझी धाकटी जाऊ शेजारीच राहते. ती दारात उभी राहून ऐकायची. एकदा म्हणाली, "जाऊबाई, अंगणवाडी काढली का काय? मला पण घ्या की पटावर."

मी म्हटलं, "तुला दुपारची खिचडीच लागंल. बस बाहेर."

"खिचडी नगं. माझं दळण द्या तेवढं."

माझ्याकडे पडवीत घरघंटी आहे. वस्तीचं सगळं दळण माझ्याकडे येतं. ज्वारी, गहू, तांदूळ, भाजणी. दिवसातून कितीदा चालू करायची आणि बंद करायची ह्याला काही धरबंध नाही. कोण कधी डबा घेऊन येईल तसं.

मुलानं कारण शोधायला घेतलं. त्याची रीत मला लगेच कळली, कारण माझे मालक तशीच करायचे. शेतात पुरलेली पाइपलाइन तुंबली की ते मधलाच सांधा उकलायचे. तिथं पाणी आलं तर गाळ पुढच्या अर्ध्यात, नाही आलं तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. गाभ्याचं एक जुनं रूप होतं, ते कधी पडत नव्हतं. नवं पडत होतं. दोन्हींच्या मध्ये लोकांनी केलेले ढीगभर बदल. तो मधलं रूप घ्यायचा, ते तयार व्हायला लॅपटॉप दिवसभर तापत बसायचा, मग ते चालवून बघायचं. पडलं तर मागे, नाही पडलं तर पुढे.

मी विचारलं, "जुनंच का वापरत न्हाईस?"

"कामाचं नवं त्याच्यावर चालत नाही. आणि जुन्याला कुणी विचारत नाही, आई. वर्षभरात ते बंदच होणार."

पाइपातला गाळ एका जागी बसून असतो. हे पडणं तसं नव्हतं. कधी दिवसात दोनदा पडायचं, कधी सबंध दिवस नीट चालायचं. जे रूप पडलं नाही ते चांगलं समजून तो पुढे जायचा, आणि ते दुसऱ्या दिवशी पडलं असतं हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता. अर्धं अर्धं करत तो शेवटी एका बदलापाशी आला. तो बदल कीबोर्डमधल्या दिव्याचा निघाला, पडण्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. तो हसला नाही, चिडला नाही. लॅपटॉप मिटला आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी भाकरी थापत होते. त्याची पाठ दिसली आणि माझा हात थांबला. ती पाठ मी आधी महिनोन् महिने बघितली होती.

कुणी म्हणालं वायरिंग बघा. भोरहून मिस्त्री आले. मुसलमान आहेत, वस्तीत सगळे त्यांना चाचा म्हणतात. बोर्ड उघडून म्हणाले, "ताई, अर्थिंगच नाही. आजवर कुणाला शॉक बसला नाही हीच त्याची मेहेरबानी." त्यांनी खड्डा घेऊन अर्थिंग केलं. इन्व्हर्टर बसवला. इन्व्हर्टर बसल्यावर यंत्र जास्तच पडायला लागलं. चाचा पुन्हा आले, बराच वेळ बघत बसले, म्हणाले, "बेटा, हे माझ्या हातातलं नाही." चहा न घेता गेले.

मुलगा पुन्हा उठला, ते माझ्या वाचण्यावरून. मी वाचलेल्या अक्षरांतलं एक नाव प्रत्येक वेळी येतं, असं त्याला रेकॉर्डर ऐकून ऐकून समजलं. त्या नावाच्या आसपास त्यानं गाभ्यात दुरुस्ती केली. श्रावण लागला होता. नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं दुरुस्त केलेला गाभा चालू केला.

नागपंचमीला आमच्यात विळी चालत नाही, तवा चुलीवर चढत नाही, जमीन उकरत नाहीत, दळत-कांडत नाहीत. नागाला लागतं म्हणतात. मी नागबिग मानत नाही, पण त्या दिवशी कुणी डबा घेऊन येतच नाही. मी पुरणाची दिंडं उकडली. बया सकाळपासून बोलत होती. दुपारी बोलत होती. मुलगा मध्ये मध्ये मान तिरकी करून ऐकायचा, ती थांबते का म्हणून. दिवस मावळला तरी बोलत होती.

"आई," तो म्हणाला, "चाललं."

त्यानं तीन दिंडं खाल्ली. साखरेचं मी त्या दिवशी काही बोलले नाही. जेवून त्यानं ती दुरुस्ती त्या लोकांना पाठवून दिली. गाभा साऱ्या जगाचा एकच असतो, आणि त्यात काय घ्यायचं ते ठरवणारी माणसं कुठं कुठं परदेशात बसलेली असतात. त्यांनी घेतली की ती आपोआप सगळ्यांच्या यंत्रात येते. मग त्याला कुणाला काही वाचून मागायला नको, आणि मी मोकळी. पाठवताना खाली लिहावं लागतं की मी हे तपासलं आहे. त्यानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ डबा घेऊन आली. "काल दळण न्हाई, घरात चिमूटभर पीठ न्हाई," म्हणाली. मी ज्वारी ओतली, बटण दाबलं. आतून बयाचा आवाज येत होता, तो तुटला.

मुलगा पडवीत आला. भिंतीला हात लावत नाही तो एरवी, त्या दिवशी लावत आला.

"आई, आत्ता काय केलंस?"

"काय केलं? दळण टाकलं."

"काल टाकलं होतंस?"

"काल कसं टाकीन? काल पंचमी."

तो उंबऱ्यावरच बसला. जाऊ त्याच्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. घंटी चालूच होती. तो म्हणाला, "बंद कर." मी बंद केली. "चालू कर." चालू केली. पडवीतला बल्ब मिणमिणून पुन्हा उजळला.

"दिवा मिचकला का?"

"रोजच मिचकतो."

झालं होतं असं की घंटी सुरू होताना वीज क्षणभर खाली बसायची. तेवढ्यात लॅपटॉपला वाटायचं चार्जर काढला, आणि लगेच वाटायचं पुन्हा लावला. इन्व्हर्टर मध्ये पडून आणखी एकदा तसंच करायचा, म्हणून तो आल्यावर जास्त पडायला लागलं. माणूस इतक्या झटकन काढघाल करू शकत नाही, आणि त्या परदेशातल्या माणसांच्या घरी दिवे मिचकत नाहीत. म्हणून तिकडे कुणाचं पडत नव्हतं. आणि ज्या एका दिवशी आमच्याकडे घंटी बंद, त्याच दिवशी ह्यानं तपासून घेतलं.

त्याला आता लिहावं लागलं की आधीचं चुकलं. मी विचारलं, "पंचमीचं काय लिहिलंस?"

"लिहिलं, त्या दिवशी आमच्याकडची गिरणी बंद होती."

जाऊ म्हणाली, "एवढंच हाय तर बंदच करा की घंटी. आमी नसरापूरला जाऊ दळायला. पोराच्या जिवापरीस काय हाय?"

मी पण तेच म्हटलं. मुलगा म्हणाला, "तू घंटी बंद करशील. पाऊस सरल्यावर नदीवरचे पंप कोण बंद करणार? लाइट आली की सगळ्यांचे ऑटोवर एकदम सुरू होतात. तुझ्या माघारी मी वस्तीभर हिंडून पंप बंद करा म्हणू? हे आतूनच बरं व्हायला हवं."

खरं होतं. म्हणून आम्ही उलटं केलं. यंत्र पडावं म्हणून दळायला लागलो. तो आत दुरुस्ती करायचा, हाक मारायचा, "टाक!" मी बटण दाबायची. बया मध्येच मरायची. मी हात पुसून आत जायची आणि अक्षरं वाचायची. पुन्हा तो दुरुस्ती करायचा. ज्या आवाजानं माझा मुलगा उठून बसला तो मी माझ्या हातानं बंद पाडत होते, दिवसभर. घरातली ज्वारी संपली, तांदूळ संपले. जाऊनं वस्तीत निरोप दिला आणि बायका डबे घेऊन आल्या. कुणाला गहू मऊ हवे, कुणाला जाड. सगळ्यांना एकसारखंच मिळालं. एकीचे तांदूळ दोनदा दळले गेले, ती म्हणाली, "बाई, हे पीठ हाय का पावडर? तोंडाला लावू का?"

माझे डोळे तेव्हाच फसवायला लागले होते. अक्षर बघावं तर त्याच्या मधोमध डाग, कडा दिसायच्या, पोट दिसायचं नाही. बी का डी ते सांगता येईना. कापूरहोळला गाडी बदलून मी भोरला गेले. मोतीबिंदू आधीच काढलेला होता. तिथली डॉक्टरीण म्हणाली, आतला पडदा वाळत चाललाय, ह्याला आता काही करता येणार नाही, जेवढं आहे तेवढं सांभाळा. घरी येऊन मी मुलाला जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय करायचं? तो बराच वेळ रेकॉर्डरचं बटण नुसतं दाबत सोडत बसला.

"किती दिसतं?" त्यानं विचारलं.

"तुझं तोंड दिसतं, नाक दिसत न्हाई."

त्यानंतर त्यानं कामाची घाई केली.

शेवटी त्याला सापडलं. त्यानं मला माझ्याच घंटीवरून समजावलं. "काकू तिचा डबा उचलून घरी गेली, तरी तू त्याच जागी पीठ ओतत राहिलीस, तर काय होईल?"

"पीठ भुईवर."

"तेच होतंय. चार्जर गेला म्हणून गाभ्यातला एक जण डबा उचलून नेतो. तेवढ्यात चार्जर आला म्हणून दुसरा तिथंच ओततो. डबा गेलाय हे त्याला कुणी सांगत नाही."

त्यानं ओतणाऱ्याला आधी डबा आहे का ते हात लावून बघायला शिकवलं. ती दुरुस्ती घालून यंत्र चालू केलं. मी घंटी चालू केली, बंद केली, चालू केली. बल्ब मिचकत होता, बया बोलत होती. मग त्यानं मुद्दाम दुरुस्ती काढली आणि म्हणाला टाक. पडलं. पुन्हा घातली. नाही पडलं. ह्या वेळी त्यानं आनंद केला नाही, दिंडं नव्हती, काही नव्हतं. दळायला धान्यही उरलं नव्हतं, नुसती रिकामी घंटी फिरत होती.

मी विचारलं, "आता पडणार न्हाई ना कधी?"

"ह्या कारणानं नाही."

"आणि दुसऱ्या?"

"ते मला कसं माहीत असणार?"

त्यानं दुरुस्ती पाठवली. सगळं लिहिलं, घंटीचं, विजेचं, काढून घालून बघितल्याचं. बरेच दिवस कुणी काही बोललं नाही. मग तिथल्या एका मोठ्या माणसाचं उत्तर आलं. बयानं ते वाचलं आणि मुलानं मला मराठीत सांगितलं. मागच्या वेळीही तुम्ही तपासलं आहे असंच लिहिलं होतं. आमच्याकडे हे घडवून बघता येत नाही. दुसऱ्या कुणाचीही तक्रार नाही. सध्या राहू दे.

"मग परत सांग की," मी म्हटलं.

"सांगितलं."

"काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही."

म्हणजे दुरुस्ती साऱ्यांच्या गाभ्यात गेली नाही. फक्त ह्याच्या यंत्रात राहिली, तीही ह्यानं घातली म्हणून. नवा गाभा दर काही आठवड्यांनी येतो. दर वेळी तो स्वतः त्यात आपली दुरुस्ती बसवतो, आणि दर वेळी घंटी लावून बघावं लागतं. आतलं कुणी काही हलवलं असेल तर दुरुस्ती नीट बसत नाही, आणि यंत्र पडतं. पडलं की वाचावं लागतं. मी मोकळी होणार होते ते असं राहिलं.

परवा नवा गाभा आला. मुलानं दुरुस्ती बसवली आणि हाक मारली. जाऊचे गहू होते, ते मी ओतले. बटण दाबलं. बया दोन शब्द बोलली आणि थांबली.

मी आत गेले. पडद्याला नाक लागेल इतकी वाकले. एक डोळा मिटला, मग दुसरा. चष्मा काढला, घातला. मुलगा रेकॉर्डर पुढे धरून बसला होता.

"सांग," तो म्हणाला.

"पांढरं दिसतंय."

"पहिलं अक्षर सांग."

"अक्षर न्हाई दिसत. ओळी दिसतात, काठ्या ठेवल्यासारख्या."

"कडेनं बघ. मान वळवून बघ."

मान वळवून बघितलं. कडेनं एक काहीतरी गोल दिसलं. सी असेल, ओ असेल, शून्य असेल. त्यातल्या कुठल्याही एकाचं नाव मी घेतलं असतं तर त्यानं त्याच्यावर पुढचा आठवडा घालवला असता. मी नाही घेतलं.

त्यानं रेकॉर्डर बंद करून टेबलावर ठेवला. पडवीत घंटी रिकामीच फिरायला लागली होती, गहू संपले होते. बाहेरून जाऊ ओरडली, "अवं जाऊबाई, झालं का?"

मी म्हटलं, "झालं. ये, घेऊन जा."